पाटावरचं इंजिन

सन १९७४. कंपनीच्या कागदावर माझं वय चौतीस, आईच्या अंदाजानं छत्तीस. पिंपरीच्या कारखान्यात हॅमर शॉपमध्ये कामाला लागून मला बारा वर्षं झाली होती. हॅमर शॉप म्हणजे जिथं लाल तापलेल्या लोखंडावर घण पडतो. हातातला घण नव्हे; घराएवढा उंच, हवेच्या जोरावर चालणारा. तो पडला की पलीकडच्या ऑफिसात चहावरची साय थरथरायची. मी चौथी पास. पण माझ्या हातून गेलेला माल परत आला असं सांगायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या शॉपात बोलणं नव्हतंच. बोलून ऐकू कुणाला जाणार? एक बोट वर केलं की एक ठोका. आडवा पंजा म्हणजे थांब. डोक्यावर मूठ म्हणजे साहेब आला. आईबहिणीवरून शिव्यासुद्धा आम्ही हातानं द्यायचो आणि बाकीचं ओठांवरून ओळखायचो. माझा जोडीदार मराठवाड्यातला मुसलमान. सांडशी तो धरायचा, घण मी चालवायचो. सात वर्षं एकत्र काम केलं, पण त्याचा आवाज कसा आहे हे मला धड सांगता आलं नसतं.

मला मात्र तिथून निघायचं होतं. पलीकडच्या शेडमध्ये तयार झालेली इंजिनं चालवून बघायचे. त्याला टेस्टिंग म्हणत. तिथं एक माणूस नुसता उभा असायचा. इंजिन चालू झालं की तो ऐकायचा. त्यानं मान हलवली तर इंजिन पुढं, नाहीतर सगळं परत उघडा. तो माणूस रिटायर व्हायला आला होता. त्याची जागा मला पाहिजे होती. कोरड्या सदऱ्यानं उभं राहायचं, आणि ज्यांनी बारा वर्षं मला ‘ए’ म्हणून बोलावलं त्यांनी माझ्या मानेकडं बघत बसायचं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

अर्ज शेजाऱ्याकडून लिहून घेतला आणि शॉपच्या साहेबाला दिला. साहेब पुण्याचा, गोरा, पातळ ओठांचा. त्यानं अर्ज वाचला, टेबलाचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढं ठेवलं. सोडून बघतो तर इंजिन. मुठीत मावेल एवढं. सिलिंडर, क्रँक, सगळं अंगठ्याएवढं.

“माझ्या काकांचं आहे,” साहेब म्हणाला. “इंग्रजांच्या वेळी लष्करात होते. खेळण्यातल्या विमानाला लावायचे. ते गेल्यापासून बंद आहे. खंडेनवमीला सगळ्यांसमोर चालवून दाखव. नुसतं चालवून नाही, सुरात लावून. लागलं तर टेस्टिंगची जागा तुझी.”

“आणि नाही लागलं तर?”

“मग घण आहेच की तुझा.”

तो हसला. मीही हसलो. मला वाटलं, माणूस माझ्या हातातलं कसब बघतोय.

चिंचवड स्टेशनच्या मागं आमची एक खोली होती, पुढं पत्र्याचा आडोसा. तिथं मी कामाला बसलो. इंजिनात जुनं एरंडेल लाखेसारखं घट्ट झालं होतं. पिस्टन जागचा हलेना. रॉकेलात भिजत घातलं, मग बायकोच्या स्टोव्हवर दमानं तापवलं. ठोकलं नाही. ज्याच्या हातात दिवसभर घण असतो त्यालाच कुठं ठोकू नये हे जास्त कळतं. शेवटी पिस्टन सुटला. आत आरशासारखा चकचकीत, एक ओरखडा नाही. तेल सोडायची सुई मात्र गंजून मोडली होती. पोती शिवायचा दाभण घेतला, त्याचं टोक दगडावर घासून घासून सुई केली आणि आटे पाडले. टाकीला बामाची बाटली. रॉकेल घरातलं, एरंडेल वाण्याकडचं, इथर दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून. इंजिन बसवायला लाकूड पाहिजे होतं, म्हणून जेवायचा पाट घेतला आणि त्याला चार भोकं पाडली.

“अवो, ह्यो जेवायचा पाट हाय,” बायको म्हणाली.

“मग? जमिनीवर बस. तुझा बाप काय खुर्चीवर जेवत होता?”

ती खाली बघून भांडी घासायला लागली. माझी बायको उलटून बोलत नाही, हे मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगायचो. दुसऱ्यांच्या बायका बघा आणि माझी बघा, असं.

हे इंजिन सुरात लावायचं म्हणजे काय ते सांगतो. सुई उघडी असली की तेल जास्त जातं, इंजिन खोकतं, थुंकतं, आवाज जाड येतो. सुई हळूहळू मिटत आणायची. आवाज बारीक होत जातो आणि एका जागी तो सगळा मिळून एक सरळ रेघ होते, शिट्टीसारखी. तिथं थांबायचं. त्याच्या पुढं केसभर जरी सुई मिटली, तरी आत तेल पुरत नाही, पिस्टन तापतो आणि चिकटून बसतो.

घरी मी ते रोज लावायचो. इंजिनाच्या तोंडाशी विमानाचा असतो तसा छोटा पंखा होता; बोटानं तो मारला की इंजिन पेटायचं, सगळ्या आडोशात दवाखान्यासारखा वास. बायको समोर भांडी घासत असायची. मी सुई मिटत आणायचो, आणि नेमकी ती जागा आली की ती राखेनं भरलेले हात तसेच कानांवर ठेवायची. गालाला राख, चेहरा वाकडा. मी थांबायचो. एकदम बरोबर जागा. एकदाही चुकलं नाही. मला वाटायचं, काय कान आहे आपला!

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. घण बंद, त्याला झेंडूच्या माळा, ऐरणीला कुंकू, आणि त्या दिवशी घरच्यांना आत येऊ देतात. सकाळी बायको लुगडं बदलून आली तेव्हा मी तिला दटावलं.

“हे बघ, साहेबांच्या बायका येणारेत. इंजिन लावलं की गावंढळासारखी कानावर हात ठेवू नकोस.”

“कान दुकत्यात माजे.”

“दुखू दे. हात खाली ठेवायचे. ऐकलंस?”

“बरं,” ती म्हणाली.

शॉपात गेलो. बारा वर्षांत एवढं शांत मी ते कधी बघितलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिथंही घूं घूं चालूच होतं, लांबून मोटार चालल्यासारखं. मला वाटलं, सगळ्यांनाच तसं होत असेल.

घणापुढच्या टेबलावर पाट ठेवला. भोवती शंभरेक माणसं, बायका एका बाजूला, पुढं माझी. साहेब माझ्या पाठीमागं उभा राहिला. मी पंखा मारला. पहिल्याच फटक्याला इंजिन पेटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी सुई धरली आणि मिटत आणायला लागलो.

त्या वेळी मी बायकोकडं बघत होतो. का बघत होतो हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. ती पदर नीट घेऊन उभी होती. हात खाली. मी सुई थोडी मिटली. हात खालीच. आणखी थोडी. तिच्या कपाळाला आठी आली, पण हात जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, अजून जागा आली नाही. आणखी मिटली. बाजूला काहीतरी हललं. जोडीदार आडवा पंजा दाखवत होता, थांब, थांब. मी त्याच्याकडं बघेपर्यंत पंखा गचकन थांबला. सिलिंडरमधून निळा धूर आला.

सगळे माझ्याकडं बघत होते. नंतर माझ्या पाठीमागं बघायला लागले, आणि मग हसायला लागले. मला कळेना काय झालं. जोडीदारानं खुणेनं सांगितलं, मागं बघ. वळलो तर साहेब बोलत होता. किती वेळ बोलत होता कुणास ठाऊक.

“चौथ्यांदा विचारतोय,” त्याच्या ओठांवर दिसलं. “मी काय म्हणालो आत्ता?”

मी सुईवरचा हात काढला.

“मी म्हणालो, थांब, लागलं. मग म्हणालो, थांब, जळेल. मग म्हणालो, तुझ्या मागं साप आहे.” पुन्हा सगळे हसले. “दोन महिने मी तुला मागून हाका मारतोय. तू एकदाही वळला नाहीस. मला वाटलं माजलाय. म्हटलं एकदा बघू तरी. अरे, टेस्टिंगला कान लागतो, राजा. तू घणावरच बरा. तिथं कानाचं काय काम?”

“इंजिन?” मी विचारलं.

“फेकून दे.”

हे सगळं त्याला मला डॉक्टरकडं पाठवूनही बघता आलं असतं. पण मग एवढी माणसं हसली नसती.

पेढे वाटताना शॉपातली पोरं एकेक करून माझ्यापुढं यायची आणि नुसते ओठ हलवायची, आवाज न काढता. मी उत्तर दिलं की मागची पोरं पोटं धरून हसायची. “काय भावा, किती वाजले?” असं एकानं ओठ हलवून विचारलं. मी सांगितलं. ते बेशुद्ध पडायचे बाकी राहिले. त्यात आवाजच नव्हता, हे मला नंतर कळलं. जोडीदार मात्र हसला नाही. पण त्यांना थांबही म्हणाला नाही.

घरी आलो आणि पाट आडोशात आपटला.

“तुला दिसत नव्हतं मी काय करतोय ते?”

“दिसत व्हतं की.”

ती आता तोंडासमोर उभी राहून बोलत होती, एकेक शब्द सुटा करून, लहान पोराशी बोलतात तसं.

“तुमी माज्या हाताकडं बगून थांबता, ते मला पैल्या दिवशीच कळलं व्हतं.”

“मग ठेवायचे होते ना हात कानावर!”

“तुमीच म्हनला न्हवं, हात खाली.”

मी हात उगारला. ती मागं सरली नाही.

“मारा. येक सांगू का? तीन वर्सं झाली तुमाला ऐकाय येईना. तुमची पाठ फिरली की मी तुमाला काय काय बोलती, ठावं हाय?”

“काय बोलतेस?”

“आता कशाला सांगू.” ती हसली. लग्नानंतर तिला एवढं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. “तुमच्या आईवरनं बोलती, तुमच्या नाकावरनं बोलती. शेजारनी ऐकाय येत्यात. आनि तुमी चाळभर सांगत फिरता, आमची बायकू उलटून बोलत न्हाई.”

उगारलेला हात तसाच खाली आला. मला आठवलं, मी हे सांगायला लागलो की शेजारी तोंडावर हात ठेवायचे. मला वाटायचं, कौतुक करतायत.

त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं. जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दसरा. ती दाराला झेंडूचं तोरण बांधत होती. मी इंजिन स्टोव्हवर तापवलं, रॉकेल सोडलं, पंख्याला धरून मागंपुढं केलं. पिस्टन सुटला. आत बारीक डाग पडला होता, तो घासून काढला. पाट आडोशात मांडला, बामाची बाटली भरली.

“इकडं ये,” मी म्हणालो. “समोर बस. आज कानावर हात ठेवलेस तरी चालतील.”

ती तोरण सोडून माझ्या तोंडासमोर आली, मला नीट दिसावं म्हणून.

“न्हाई बसत. तुमचं तुमी ऐका.”

मी पंखा मारला. इंजिन पेटलं. माझ्या कानाला नुसता घोगरा भुरभुराट, सुई उघडी असताना तोच, मिटली तरी तोच. मग मी उकिडवा झालो आणि जबडा पाटाच्या कडेला टेकवला. दातांत पहिल्यांदा खडखड आली, खडीवरून बैलगाडी जावी तशी. सुई मिटत आणली. खडखड बारीक झाली, दाण्याचा रवा झाला, रव्याची पिठी. आणि एका जागी ती सगळी निघून गेली, दात नुसते शिवशिवायला लागले. तिथं मी सुई सोडली.

इंजिन थांबलं नाही. बाटली अर्धी झाली तरी थांबलं नाही. पायाखालच्या फरशीला हादरा बसला, म्हणजे ती दारात येऊन उभी राहिली होती. तिचे हात कुठं आहेत ते बघायला मी मान वर केली नाही.