मुकादमाची वाटणी

आमच्या घरात एक मुकादम आहे. उंची जेवणाच्या टेबलाच्या कडेइतकी, पुढचे दात आलेले, मागच्या दाढा यायच्यात, आणि पायातले बूट कायम उलटे. नात आहे माझी. आईबापानं चांगलं नाव शोधून ठेवलंय, पण कामं सगळी मुकादमाची, म्हणून मी तेच म्हणते. सकाळी उठली की डोळे चोळत आधी दाराशी जाते आणि चपलांची हजेरी घेते. बापाचे बूट बापाच्या कोपऱ्यात, आईच्या सपाता आईच्या, माझ्या चपला माझ्या खुर्चीखाली. परवा मी लेकीच्या सपाता पायात सरकवून गॅलरीत कपडे वाळत घालायला निघाले, तर हिनं मागून येऊन माझा घोटाच धरला.

"आजी. हे कोणाचं?"

"आईचं गं बाई. कपडे वाळत घालते आणि लगेच काढते."

"काढ."

हातात ओली चादर, एक पाय हवेत, आणि खाली ही माझ्या पायातली सपात ओढतेय. शेवटी अनवाणी गेले. या वयात फरशीचा गारवा थेट कमरेत चढतो, पण ते मुकादमाला कोण सांगणार?

"हे कोणाचं?" हे तिचं पहिलं अख्खं वाक्य. लोकांची पोरं पाणी मागतात, चिऊ दाखवतात, हिनं मालकी विचारली. चालायला लागली तीसुद्धा अशीच. आम्ही सगळे हात पसरून "ये, ये" करत महिनाभर बसलो होतो, ही ढिम्म. आणि एका संध्याकाळी जावयानं चुकून माझ्या कपातून चहा घेतला, तशी टेबलाचा पाय सोडून तरातरा त्याच्याकडे गेली आणि कपाला हात घातला. निम्मा चहा त्याच्या विजारीवर. लेक आनंदानं रडायला लागली, जावई चटका बसून ओरडत होता, आणि मी कप उचलत होते.

आता घरात भाषा दोन. मी आणि लेक मराठी बोलतो. जावई आणि त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्यांची भाषा बोलतात. बाहेरही सगळीकडे तीच चालते. मला ती निम्मी कळते, बोलता काडीची येत नाही. विहीणबाईंना मराठीतला एकच शब्द येतो, "पुरे", आणि तो त्या माझ्यासाठीच राखून ठेवतात. मधे लेक असली की ती इकडचं तिकडे सांगते. ती नसली की आम्ही दोघी हातवारे करतो आणि आपापल्या भाषेत एकमेकींना नावं ठेवतो. तेवढं बरोबर कळतं.

मुकादमानं शब्दही चपलांसारखेच वाटून टाकले. आजीचे शब्द आजीनं बोलायचे, बाबाचे बाबानं. जावई एकदा कौतुकानं मराठीत म्हणाला, "ये बाळा, दूध पी." तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नाही. आईचं." बिचारा आठवडाभर ते वाक्य पाठ करत होता. मी एकदा विहीणबाईंसारखं त्यांच्या भाषेत "झोप" म्हणायला गेले, तर माझ्याही तोंडावर हात, आणि हाताला लागलेला भात माझ्या मिशीला, म्हणजे वरच्या ओठाला. "नाही" मात्र तिनं दोन्ही भाषांतलं स्वतःकडे ठेवलं. "हो" अजून एकाही भाषेत आलेलं नाही. गप्प बसली की आम्ही हो समजतो, आणि ते बहुतेक चुकतं.

थंडीत मी माझा राखाडी स्वेटर विहीणबाईंना दिला, मला दंडाशी घट्ट व्हायला लागला होता. मुकादमानं तो त्यांच्या अंगावर पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. रोज दुपारी त्यांच्या बाह्या ओढून स्वेटर काढायची आणि माझ्या मांडीवर आणून टाकायची. विहीणबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जसं मीच पोरीला शिकवलंय. शेवटी मी वैतागून तो पुन्हा अंगात घातला, मुकादमासमोर काढला, विहीणबाईंच्या अंगात चढवला, वरचं बटण लावलं आणि म्हटलं, "दिला. आता यांचा." तिनं बटण ओढून तपासलं आणि प्रकरण मिटलं. पुढे एकदा मला हुडहुडी भरली म्हणून मी तो नुसता खांद्यावर घेतला, तर माझ्या खांद्यावरून काढून विहीणबाईंना नेऊन दिला.

लेक घरचं आणि बाजारचं बघायची, म्हणून पोरीमागे सकाळची पाळी माझी, दुपारची विहीणबाईंची. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होत्या, त्यामुळे आवाज असा की खालच्या मजल्यावरचा कुत्रापण उठून उभा राहतो. डायपर सोडवायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघींनी आपापल्या पाळीत आपापल्या रीतीनं सोडवलं. मी तिच्याकडे बघून हळूच विचारायची, "शू आली का?" की ती जाऊन प्लास्टिकच्या भांड्यावर बसायची. विहीणबाई त्यांच्या भाषेतला त्यांचा शब्द असा म्हणायच्या की जणू शेवटचा थांबा आला, उतरा. त्यावरही ती बसायची. दोघींचं जमलं. भांडं कोरडं राहिलं तर आम्ही एकमेकींच्या पाळीला दोष द्यायचो, एवढंच.

मग आला पाळणाघराचा विषय, आणि आमच्या नाकी नऊ आले.

विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, आताशा मला भांडं आणि कुंडी यातला फरक लांबून कळत नाही. आणि लेकीला तिच्या जुन्या कामावरून निरोप आला होता. चष्म्याच्या काचा घासायचं काम करायची ती. हिच्या जन्मापासून घरात होती, आणि गेलं वर्षभर तिच्या डोळ्यांत मला त्या कामाची ओढ दिसायची, काच बघितली की बोट फिरवून बघायची, अगदी पाण्याच्या ग्लासावरसुद्धा. निरोप असा होता, की मशीनवरची जागा रिकामी झालीय, सोमवारपासून ये. नाही जमलं तर दुसरी कोणी बसेल, पुढचं सांगता येत नाही.

पाळणाघरात जागा मिळाली. तिथल्या बाईंच्या गळ्यात दोरीला किल्ल्यांचा जुडगा असतो, म्हणून आम्ही त्यांना चावीबाई म्हणतो. बाई वाईट नाही. पण नियम म्हणजे नियम: डायपर चालणार नाही, आणि पोरानं वेळेवर सांगायला किंवा विचारल्यावर जायला हवं. लेक छाती पुढे काढून म्हणाली, "आमची कधीच शिकलीय."

पहिल्या दिवशी मुकादम परत आली ती बदकांची चित्रं असलेल्या कुणाच्या तरी विजारीत, आणि हातात पिशवी, पिशवीत तिची ओली विजार. रडून डोळे सुजलेले. आम्हाला वाटलं, आईची आठवण. तसं काही नव्हतं. ती बदकांकडे बोट दाखवून हुंदके देत विचारत होती, "हे कोणाचं?" ती विजार धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत द्यायच्या पिशवीत घालेपर्यंत तिनं रात्रीचं दूध प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशी हत्तींची विजार. तिसऱ्या दिवशी नुसतीच एक मोठी, दोरीनं बांधलेली.

चावीबाई विचारत नव्हत्या असं नाही. सारखं विचारायच्या, पण विहीणबाईंच्या शब्दात. तो शब्द विहीणबाईंचा. ही तोंड फिरवून पायावर पाय ठेवून उभी राहायची आणि जे व्हायचं ते व्हायचं.

तिसऱ्या संध्याकाळी लेक कामावरून आली, हाताला काचेची पांढरी धूळ, आणि तशीच जमिनीवर बसली. "बाई म्हणाल्या, उद्याचा दिवस बघते. नाहीतर यादीतल्या पुढच्या पोराला घ्यावं लागेल."

"मग?"

"मग काय. उद्या कामावर सांगून टाकते, माझं नाही जमत."

जावई म्हणाला, मी पाळी बदलून रात्रपाळी घेतो. पण रात्रपाळीहून आल्यावर त्याला चहाचा कप सरळ धरता येत नाही, तो पोर काय सांभाळणार? विहीणबाई गुडघा चोळत बसल्या होत्या, त्यांच्या अंगात तो राखाडी स्वेटर. वरचं बटण लावलेलं. ते बटण बघितलं आणि मी म्हटलं, "उद्या मी आणि विहीणबाई जातो पाळणाघरात. मी माझा शब्द त्या बाईंना देऊन टाकते."

लेकीनं ते तिकडे सांगितलं. विहीणबाईंनी पुष्कळ वेळ उत्तर दिलं. लेक हसू दाबत म्हणाली, "त्या म्हणतायत, शब्द काय छत्री आहे का, याची त्याला द्यायला? आणि द्यायचाच तर त्यांचा का नाही द्यायचा, बाईंना तोच येतो."

"त्यांना सांग, त्यांना परवा दवाखान्यात जायचंय. शब्द देऊन गेल्या आणि पोरीनं पुन्हा विचारलं, तर सांगायला त्या इथे नसतील."

"पुरे," विहीणबाई मला म्हणाल्या. म्हणजे येणार होत्या.

सकाळी लेकीला कामावर धाडलं आणि आम्ही तिघी निघालो. मी हळू, कारण दिसत नाही. विहीणबाई हळू, कारण गुडघा. मुकादम पुढे, मधेच थांबून दारोदारच्या पायपुसण्यांची चौकशी करत. पाळणाघरात ठेंगण्या खुर्च्या, भिंतीवर प्रत्येक पोराच्या नावाचा हूक, वर चित्र चिकटवलेलं. एक हूक अजून मोकळाच होता. चावीबाई आम्हाला बघून म्हणाल्या ते मला निम्मं कळलं, आणि उरलेलं निम्मं गोड नसावं. विहीणबाईंनी त्यांना आमचा बेत सांगितला.

मी मुकादमाला समोर उभं केलं. "हे बघ. 'शू आली का' हे कोणाचं?"

"आजीचं."

"बरोबर. आजी आता ते बाईंना देते. दिलं. आता बाईंचं."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग माझे दोन्ही हात उघडून बघितले. हातात काही नाही. कपाळाला आठी. स्वेटरला निदान बटण होतं. मी पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा हात बघितले. बाई घड्याळ बघायला लागल्या, मागे दोन पोरं एकाच बाहुलीसाठी भांडत होती, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

तेव्हा विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी माझी मूठ वळवली, माझ्या तोंडाशी नेली आणि मला कोपरानं ढोसलं. मी मुठीत म्हटलं, "शू आली का." त्यांनी ती मूठ धरून चावीबाईंच्या हातावर उघडली, बाईंची बोटं एकेक करून मिटवली आणि वरून एक थाप मारली, तिकीट दिल्यावर मारायच्या तशी असेल. मग दोन्ही आज्यांकडे आणि बाईंकडे आळीपाळीनं बघत मुकादमानं बाईंची मूठ हलवून बघितली. घट्ट होती.

बाईंना एव्हाना मजा यायला लागली असावी. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "शु हाल्लीका?"

मुकादमाचा चेहरा असा झाला, की जणू बाईंनी कुणाची तरी चप्पल उलटी घातलीय. "आली का," ती म्हणाली.

"आल्लीका?"

"आली. का."

"आली का?"

या वेळी मुकादमानं दुरुस्त केलं नाही. मी जीव मुठीत धरून उभी. मग तिनं बाईंचं बोट धरलं आणि त्यांना मागच्या दाराकडे घेऊन गेली. विहीणबाईंनी माझा दंड इतका दाबला की तो अजून दुखतोय. आतून किल्ल्यांचा आवाज आला, मग पाण्याचा.

संध्याकाळी ती स्वतःच्याच विजारीत परत आली. मोकळ्या हुकावर बाईंनी तिचं नाव लावलं, वर घोड्याचं चित्र. लेकीनं कामावर काहीच सांगितलं नव्हतं, दिवसभर फोनकडे बघत काचा घासल्या म्हणे. त्या रात्री ती जेवली, झोपली आणि घोरली. बऱ्याच दिवसांत तिचं घोरणं ऐकलं नव्हतं.

इथवर सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी इकडच्या कुठल्याशा सणाची सुट्टी. पाळी माझी. मुकादम ठोकळे रचत होती, रचता रचता पायावर पाय चढवायला लागली. मी म्हटलं, "शू आली का?"

तिनं ठोकळा खाली ठेवला, उठून आली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नाही. बाईंचं."

"अगं, पण मी तुझी आजी."

"बाईंचं," ती म्हणाली, आणि माझ्या पायाजवळच्या चटईवर व्हायचं ते झालं.

मी कपाळाला हात लावून बसले. तिच्या आईनं विचारलं, तरी तेच. दिलेलं म्हणजे दिलेलं. आता बाईंकडून परत घ्यावं तर तिकडचं काम बिघडणार. दुपारपर्यंत चटई दोनदा धुतली, आणि मग मुकादमाला काखेत मारून, लेकीला बरोबर घेऊन, विहीणबाईंच्या घरी गेले. त्या दवाखान्याची पिशवी भरत होत्या. लेकीनं सगळं सांगितलं. विहीणबाई इतक्या हसल्या की गुडघा धरून खाली बसल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, त्यांचा शब्द तुला दिला तर त्या परत आल्यावर काय बोलणार?"

"तेव्हाचं तेव्हा बघू म्हणावं. चटई माझी आहे."

मग पुन्हा मूठ, मुकादमासमोर. या वेळी त्यांची मूठ माझ्या हातावर. सोपा नाही तो शब्द. आधी जीभ मागे न्यायची, मग एकदम सोडायची, आणि सोडली की माझी कवळी पुढे येते. विहीणबाईंनी तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, भांडी घासायला लावावीत तसा. मुकादम मधे उभी राहून एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत होती, एकदा माझ्या.

तर सध्या असं चाललंय. विहीणबाई दवाखान्यात आहेत, गुडघा छान बसलाय म्हणतात, आणि फोनवर आधी माझ्याकडून तो शब्द म्हणवून घेतात, मग बाकीचं. घरी मी त्यांच्या शब्दात विचारते. मुकादम ऐकते, मान हलवते, मला दुरुस्त करते. मी पुन्हा म्हणते. ती पुन्हा दुरुस्त करते. नीट जमला की मगच भांड्याकडे जाते, आणि घाईच्या वेळी तेवढा वेळ नसतो. म्हणून पुसायचं फडकं मी आता खुर्चीच्या पाठीवरच टाकून ठेवलंय. ते कोणाचं, हे तिला चांगलं माहीत आहे. गरज पडली की स्वतः आणून माझ्या हातात देते.