मागच्या रांगेतला प्लग

धम्मदीपचा हात लहानपणापासूनच बारीक. वस्तीत कोणाची किल्ली कोठीमागं पडली, कोणाची कानातली बाळी मोरीच्या पाइपात गेली, का बोलवा अंजनाबाईच्या पोराले. हा जाये, खांद्यापर्यंत हात घाले अन् वस्तू काढून आणे. बाया त्याले गूळ-शेंगदाणे देत. मोठेपणी त्याच हातानं त्याले नंदनवन मोहल्ल्यात, भैय्याजीच्या घरामागच्या टिनाच्या शेडात नेऊन बसवलं. अन् बसवलं ते बसवलंच.

भैय्याजीकडं एक लाल विलायती गाडी. दोन दरवाज्याची, बुटकी, सहा सिलिंडरची. एके काळी म्हणे लय पळे. आता गल्लीतल्या ब्रेकरवर पोट घासत जाये. सहा सिलिंडरले सहा स्पार्क प्लग. समोरचे तीन कोणीही बदलन. मागचे तीन इंजिनाच्या पाठीमागं, पत्र्याच्या भिंतीले लागून. ते रीतसर बदलाचे तर वरची नळ्यांची जाळी उतरवा लागे, ती उतरवली का खालचं रबर फाटे, अन् तसं रबर आता कुठं भेटत नव्हतं. म्हणून धम्मदीप. तो मधल्या फटीत हात सरकवे, बोटांनीच पाहे अन् प्लग काढून आणे.

भैय्याजीनं हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशीच शेड गॅरेजसाठी त्याच्या हवाली केलं. भाडं नाही, काही नाही, फक्त लाल गाडी चालू राह्यली पाहिजे. तेव्हा धम्मदीपले वाटलं, नशीब उघडलं. पुढं समजत गेलं. दुसऱ्याची गाडी अर्धी खोलून ठेवली असो का ताटावर बसला असो, भैय्याजीनं हॉर्न मारला का हातचं टाकून उठाचं. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडं गेली. बायको प्रीती म्हणे, "तुमचं लग्न माह्याशी झालं का त्या लाल बाईशी?" आधी तो हासे. मंग हासनं बंद झालं.

कन्हानचा प्रेमानंद त्याचा शाळेतला दोस्त. त्याचं रस्त्यावर मोठं गॅरेज, टेम्पो-ट्रॅक्टरचं. त्यानं निरोप देला होता, "माह्यासंगं ये, दोघं मिळून करू. मंगळवारी दुपारपर्यंत सांग, नाही तर दुसऱ्याले घेतो." धम्मदीपनं मनाशी ठरवलं, मंगळवारी लाल गाडीचे प्लग बदलाचे, गाडी चांगली करून द्याची, शेडची किल्ली ठेवाची अन् निघाचं. भैय्याजीले यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

"सकाळी गाडी चालू करू नका, इंजिन थंड राहू द्या," असं त्यानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तरी भैय्याजी सकाळीच इतवारीच्या बाजारात जाऊन आले. बोनेटवर हात ठेववत नव्हता.

"गरम इंजिनातून प्लग काढत नाहीत, भैय्याजी."

"संध्याकाळी पाहुने येऊन राहिले, त्याईले फिरवाचं आहे. अन् तुले तर डोळे मिटून येते."

धम्मदीपनं घड्याळ पाहिलं अन् हात घातला.

समोरचे तीन बदलून झाले. मागचा पहिला निघाला. मधला आटे सोडून वर आला, अन् बोटांच्या चिमटीत त्याची पांढरी चिनी मातीची मान कचकन मोडली. सगळेच तुकडे पडतीन म्हणून त्यानं मूठ आवळली. मुठीच्या बरोबर खाली सिलिंडरचं उघडं छिद्र. त्यानं हात ओढला. हात आला नाही. पंजा सपाट करून गेला होता, मूठ कशी निघन? आधी मूठही निघे. पण एवढ्या वर्षांत पोट सुटलं, तसं मनगटही भरलं होतं.

भैय्याजी खुर्चीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. "काय झालं गा?"

"अडकला."

"प्लग?"

"हात."

भैय्याजी उठून आले, वाकून पाहिलं. "मंग सोड ना मुठीतलं."

"सोडलं तर छिद्रात जाते. चिनी माती आहे, चुंबकाले धरत नाही. इंजिनाचं हेड खोला लागन."

"अन् हेडचं पॅकिंग?"

"भेटत नाही."

"मंग सोडू नको," भैय्याजी म्हणाले अन् परत खुर्चीवर जाऊन बसले.

तेवढ्यात उजव्या खिशात फोन वाजला. डावा हात तिथवर पोचेना. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. भैय्याजीनंच खिशात हात घालून काढला, स्पीकरवर टाकला अन् लेकराले औषध पाजावं तसा धम्मदीपच्या तोंडापाशी धरला.

"धम्मा, कन्हानले येऊन राहिला का नाही तू?" प्रेमानंदचा आवाज शेडभर घुमला. "हा भंडाऱ्यावाला मेकॅनिक येऊन बसला माह्यासमोर."

भैय्याजी खर्रा चावाचे थांबले. "सांग ना त्याले," ते हळूच म्हणाले.

"मी करतो तुले फोन," धम्मदीप म्हणाला.

"कवा?"

"हात निघाला का."

"कुठून?"

भैय्याजीनं फोन बंद करून गाडीच्या मडगार्डवर ठेवला. "कन्हानले चालला म्हन की. मी काय अडवतो? जाय. आत्ता जाय." अन् फटीत गेलेल्या त्याच्या हाताकडं पाहत राह्यले.

पाठीतून घाम उतरत होता. पत्र्याची धार मनगटात रुतून मनगट सुजत चाललं होतं. मूठ उघडली का हात मोकळा. खडा आत पडन, संध्याकाळी पाहुन्यांसमोर इंजिन बसन, अन् लाल बाईचा कायमचा निकाल लागन. कोण पाहते आतलं? त्यानं करंगळी ढिली केली. एक कण घरंगळून करंगळीच्या सांध्यात आला. मंग त्यानं मूठ परत आवळली. त्यात चांगुलपणा वगैरे काही नव्हता. त्या इंजिनाचा आवाज त्याच्या कानात इतका बसला होता, का त्यात खडा कसा वाजन हे त्याले आत्ताच ऐकू आलं, अन् भातातला गोटा दाताखाली यावा तसं झालं.

अंजनाबाई डबा घेऊन आली तेव्हा तो मडगार्डवर गाल टेकून उभा होता.

"हे काय गा? झोपला का उभ्यानं?"

"माय, हात अडकला."

"लोकाच्या किल्ल्या काढे, आता सोताच गेला आत." तिनं डबा खाली ठेवला, फटीत डोकावली. भैय्याजीचा पंजा जाडजूड, त्यांचा उपयोग नव्हता. अंजनाबाईनं उभी हयात विड्या वळल्या होत्या. तिची बोटं वाळलेल्या शेंगांसारखी. तिनं बांगड्या काढून डब्याच्या झाकणात ठेवल्या.

"बॅटरीकडून हात घाल," तो म्हणाला. "माह्या मुठीखाली गरम छिद्र लागन. त्यात फडकं कोंब आधी."

तिची थंड, कोरडी बोटं त्याच्या मुठीले लागली. "कोंबलं. उघड आता."

त्यानं मूठ उघडली, पंजा सपाट केला अन् ओढला. मनगटाचं कातडं आतच राह्यलं, हात बाहेर आला. विडीचं तोंड नखानं दाबावं तसा तिनं एकेक तुकडा वेचून काढला, मंग फडकं ओढून घेतलं. सुजलेला हात काही परत जात नव्हता, म्हणून राह्यलेला शेवटचा जुना प्लगही तिनंच वर ओढला, अन् मागचे तिन्ही नवे रबरी नळीच्या टोकावर बसवून, तो सांगे तसे, तिनंच लावले. पाना तेवढा त्यानं वरून डाव्या हातानं आवळला.

भैय्याजीनं चाबी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली.

"वा, मावशी," भैय्याजी खिडकीतून म्हणाले. "याचा हात आता कामाचा राह्यला नाही. पुढच्या खेपेले तुम्हीच या."

"बोलवा ना. मले घरी कोणतं काम आहे?" अंजनाबाई खूश होऊन बांगड्या चढवू लागली.

धम्मदीपचा हात पाण्याच्या बादलीत होता. त्यानं त्या बांगड्यांकडं पाहिलं, अन् डाव्या हातानं फोन उचलला.

"प्रेमानंद, भंडाऱ्यावाला गेला का?"

"जेवून राहिला."

"त्याले पोटभर जेवू दे अन् रवाना कर. मी येतो. तिथं टेम्पो-ट्रॅक्टरच ना?"

"मंग काय, कन्हानले विमानं येतात?"

धम्मदीपनं शेडची किल्ली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. भैय्याजीनं किल्लीकडं पाहिलं, मंग त्याच्याकडं. "अन् पुढच्या खेपेले प्लग कोण बदलन?"

"धीरे चालवा," धम्मदीप म्हणाला.

सुजल्या हातानं स्कूटरचं ॲक्सिलरेटर धरवेना, म्हणून तो स्कूटर ढकलत निघाला, मागून माय डबा घेऊन. गल्लीच्या तोंडाशी पोचले अन् मागून हॉर्न वाजला. त्याचे पाय आपोआप थांबले.

"काहून थांबला गा?" मायनं विचारलं.

हॉर्न परत वाजला, लांब.

"काही नाही," तो म्हणाला, अन् स्कूटर पुढं ढकलली.