इंदूचा इंग्रजी शब्द

पाणी छातीच्या वर आलं तेव्हा इंदू इंग्रजीत बोलली. "आय ॲम नॉट प्लकी," ती म्हणाली. तिचा एक हात माझ्या हातात होता, माझा दुसरा हात वाडीतल्या शेवंताच्या. खाडीत आम्ही तिघी एकामागे एक चालत होतो आणि इंदू पुढे होती. मी ओरडले, "मेले, आता तरी मराठीत बोल!" ती म्हणाली, "भ्यालंय गो मी..." आणि तिने पुढचं पाऊल टाकलं.

इंदू गेली त्याला महिना होऊन गेला. तिठ्यावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला आहे. त्यावर लिहिलंय, 'भीती ज्यांना ठाऊकच नव्हती'. ज्यांनी लिहिलं ती मुलं चांगली आहेत, पण मजकूर खोटा आहे. इंदूची सून स्मिता मला म्हणाली, "काकी, तुम्हीच लिहा खरं काय ते." माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी लिहायला बसले, कारण इंदूला भीती काय असते ते चांगलंच ठाऊक होतं आणि हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी सुना म्हणून वाडीत आलो. घरं शेजारी, विहीर एक. ती पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, सुईला तर फारच. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत म्हणून रत्नागिरीला आली आणि मला सुई टोचताना स्वतःच चक्कर येऊन पडली. नर्सने माझ्याआधी तिला झोपवलं. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी म्हटलं, तू येऊ नकोस, तुझंच करायला लागतं. तरी आली. भिंतीकडे तोंड करून बसली, पण बसली.

तो इंग्रजी शब्द तिला सापामुळे मिळाला. गणपतीपुळ्याला जागा मिळाली नाही की पाहुणे आमच्या गावापर्यंत येतात. स्मिताने घराच्या दोन खोल्या त्यांच्यासाठी केल्या आहेत. एकदा एका परदेशी बाईच्या न्हाणीघरात साप निघाला. इंदूने खराट्याने तो पार कुंपणापर्यंत लोटत नेला. मी बघत होते. सापाने आवाज केला नाही, हिने मात्र वाडी गोळा केली. अशी किंचाळत होती की मला वाटलं साप चावला. ती परदेशी बाई हसली, हिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "यू आर प्लकी." इंदूने स्मिताला अर्थ विचारला. स्मिता म्हणाली, "धीट. पण मोठ्या पहिलवानाला नाही म्हणत. लहानसा जीव असतो, भ्यालेलाही असतो, तरी मागे हटत नाही, त्याला म्हणतात." इंदू दिवसभर तो शब्द ओठातल्या ओठात घोळवत होती.

दुसऱ्या दिवसापासून मात्र कानाला त्रास सुरू झाला. कोंबडी कुत्र्याच्या अंगावर धावली की "धिस हेन इज प्लकी." चढावर रिक्षा अडली की ड्रायव्हरला, "रिक्षा इज नॉट प्लकी." तिच्या तोंडात पुढचा एकच दात उरला होता, तोसुद्धा प्लकी. पाहुण्यांना चहा देताना ती रोज एक तरी वाक्य बोलायची. काही पाहुणे हसायचे, तोंडावर हसायचे. तिचे कान लाल व्हायचे. मी म्हणायचे, "कशाला गो हसं करून घेतेस या वयात?" ती म्हणायची, "हसूदे. उद्या कमी हसतील." एकदा मी विचारलं, "आणि मी कोण?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू प्लकी नायस. तू खडूस. त्याला इंग्रजी शब्द स्मिताला विचारून सांगतंय." तो तिने सांगितला नाही. विचारला असणार, पण सांगितला नाही.

आता त्या दिवसाचं. आम्ही खाडीत मुळे काढायला जातो. मुळे म्हणजे वाळूतल्या शिंपल्या. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीच्या मध्ये वाळूची पुळण उघडी पडते. किनारा आणि पुळण यांच्यामध्ये एक चर आहे, जाताना त्यात पाणी गुडघ्याएवढं असतं. भरती आली की पुळणीच्या आधी तो चर भरतो, म्हणून एकीने चराकडे लक्ष ठेवायचं असतं. शिवाय आमच्यात रीत आहे, निघण्याआधी जिची टोपली कमी भरली असेल तिला बाकीच्यांनी ओंजळी घालायच्या, उणी टोपली घेऊन कुणी घरी जायचं नाही. इंदूची टोपली नेहमी उणी, कारण तोंड जास्त चालायचं. त्या दिवशीही तेच. आपल्या टोपल्यांतलं देऊनही तिची भरेना, म्हणून आम्ही आणखी काढायला वाकलो, तिघींची पाठ चराकडे. पौर्णिमा नुकतीच झालेली, पाणी उधाणाचं. वळून बघितलं तेव्हा चर ओळखू येत नव्हता.

हाका मारल्या. वाऱ्याने त्या उलट्या आमच्याकडेच आल्या. फोन घरी, खाऱ्या पाण्यात कोण नेतो! पुळण बुडायला लागली होती, थांबून उपयोग नव्हता. शेवंता तरुण, म्हणाली, मी पुढे जाते. इंदू म्हणाली, "तुझी पोरं ल्हान हायत. तू मागे राह आणि हिला धर. हिचे गुडघे हिला न्हाणीपर्यंत पोचवत नाहीत." उंचीने तिघींत तीच जास्त होती, हेही खरं. तिने माझा हात धरला आणि पाण्यात उतरली.

चराच्या मध्यावर, आमच्या नेहमीच्या वाटेच्या जरा बाजूला, पावसाळ्याने खड्डा पाडला होता, तो आम्हाला माहीत नव्हता. इंदू एकदम खाली गेली आणि हात सुटला. तिने सोडला की पाण्याने सोडवला, असं लोक मला विचारतात. फ्लेक्सवाल्या मुलांनी ठरवून टाकलंय की तिने सोडला. मला माहीत नाही, आणि माहीत नाही ते मी सांगणार नाही. खड्डा कुठे आहे ते ती गेल्यावर कळलं. शेवंताने मला वरच्या अंगाला ओढलं, तिथे पाणी खांद्याएवढंच होतं. संध्याकाळी पलीकडच्या होडीवाल्यांना इंदू सापडली.

आम्ही तिघी चरात उतरलो होतो. शेवंता आणि मी जगलो.