उसनं इंग्रजी चालणार नाही

बिबवेवाडीतल्या त्या शाळेत दहावी ‘क’ ही उरलेल्यांची तुकडी होती. हुशार मुलं ‘अ’मध्ये, बरी मुलं ‘ब’मध्ये, आणि ज्यांच्या नावानं शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना उसासे टाकले जायचे, ती ‘क’मध्ये. या तुकडीचं इंग्रजी कुणालाच नको असायचं. यंदा ते उम्मेहानी बागवान मॅडमनी मागून घेतलं.

मुख्याध्यापक अनिरुद्ध पानसे यांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. “मॅडम, तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम आहे. म्हणूनच मागतेय.”

उम्मेहानी मॅडमचे वडील अल्लाबक्ष मार्केट यार्डात फळं विकायचे. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सरांनी धडा वाचायला उभं केलं, तेव्हा ‘आयलंड’ हा शब्द तिनं जसा दिसला तसा वाचला. इस्लंड. वर्ग खो खो हसला आणि पुढं कित्येक दिवस पोरं तिला इस्लंड म्हणूनच हाका मारत होती. दुसरी एखादी मागच्या बाकावर जाऊन बसली असती. उम्मेहानीनं दुसऱ्या दिवशी वाचायला पुन्हा हात वर केला. तिसऱ्या दिवशीही. सर वैतागले. “अहो, बसा तुम्ही, दुसऱ्यांना वाचू द्या.” त्यावर ती म्हणाली होती, “सर, चुकले तर कुठं चुकले ते सांगा. बसायला सांगू नका.” वर्ष संपेपर्यंत तिचा हात काही खाली आला नाही.

तर जूनमध्ये ‘क’च्या पहिल्याच तासाला मॅडमनी सगळ्यांना गाईडं दप्तरात ठेवायला लावली आणि गृहपाठ सांगितला. रोज तीन वाक्यं. आपण स्वतः पाहिलेल्या, ऐकलेल्या गोष्टीबद्दल. इंग्रजीत.

“चुकलं तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“चुकलं तर मी बरोबर करून देईन, माझं कामच आहे ते. चुकलेलं चालेल. उसनं चालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वह्यांत एकच मजकूर आला. ‘माय फादर इज अ फार्मर. ही वर्क्स इन द फील्ड. ही हॅज टू बुलक्स.’ रिक्षा चालवणाऱ्यांच्या, प्लंबरांच्या, वॉचमनांच्या पोरांनी रातोरात बापाला बैलजोडी मिळवून दिली होती.

मॅडमनी वह्या टेबलावर ठेवल्या. “बिबवेवाडीत एवढी शेती आहे हे मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी शेत दाखवा. हुरडा खायला मीही येते.”

हसू पसरलं. मग त्यांनी राकेशला उभं केलं. हा दांडगा मुलगा सतत दाराकडं बघत बसायचा. “तुझे वडील काय करतात?”

“टँकर चालवतात. पाण्याचा.”

“मग सांग की इंग्रजीत.”

राकेशनं डोकं खाजवलं. “माय फादर… टँकर ड्राइव्ह.”

“झालं एक वाक्य. ‘ड्राइव्ह’ला शेवटी एक ‘एस’ लाव, मग ‘अ’ घाल आणि टँकर त्याच्यामागं ने. बैल विकून टाक.”

असा तो वर्ग सुरू झाला. तासाची पहिली दहा मिनिटं कुणीतरी उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग धडा, आणि धड्यातले शब्द घेऊन पुन्हा आपली वाक्यं. मॅडम वह्या घरी न्यायच्या आणि स्वयंपाक उरकल्यावर तपासायच्या. नवरा इरफान स्वारगेटच्या डेपोत मेकॅनिक. तो म्हणायचा, “माझ्या बसेस तरी गॅरेजमध्येच राहतात. तुझी शाळा घरी येते.”

पोरं कुरकुरायची. ‘ब’वाल्यांना उत्तरं लिहून मिळतात, ती पाठ केली की झालं. आपल्यालाच हा छळ का? मॅडम काही बधल्या नाहीत. तीन वाक्यं नसतील तर तास बुडवायचा नाही, वर्गातच बसून लिहायची. हळूहळू वह्यांत गाढवं, भांडणं, लग्नातले डीजे, गच्चीवरची टाकी फुटल्याच्या हकिगती दिसायला लागल्या. व्याकरणाचे हाल व्हायचे. पण खोटं काही नव्हतं.

आणि मग मॅडमच्याच हातून चूक झाली. चैताली म्हणून एक मुलगी होती, वर टेकडीकडच्या अप्पर नावाच्या वस्तीतून यायची, तोंडातून शब्द काढायची नाही. तिनं एकदा लिहिलं की काल वडिलांनी मोबाइल आपटून फोडला, आई बोलत नाही, मी जेवले नाही. मॅडमना त्या वाक्यांचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ती वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली. “बघा, याला म्हणतात आपलं लिहिणं.”

दोन दिवसांनी चैतालीची आई हिरा शाळेच्या दारात उभी. चार घरच्या पोळ्या करून तशीच आली होती, पदराला पीठ होतं.

“मॅडम, तुम्ही पोरीला शिकवता का आमच्या घराची दवंडी पिटता? आख्ख्या गल्लीत झालंय, मोबाइल फुटला म्हणून. तिचा बाप मलाच विचारतोय, शाळेत जाऊन काय सांगून आलीस.”

मॅडम तिच्याजवळ गेल्या. “माझं चुकलं, हिराताई. मी विचारायला हवं होतं.”

हिराला हे अपेक्षित नसावं. ती भांडायच्या तयारीनं आली होती. “पुढं करू नका मग,” एवढंच म्हणाली आणि निघाली. जाता जाता वळून म्हणाली, “आणि तिला लिहायचं बंद करायला सांगू नका. मी फक्त वाचू नका म्हणतेय.”

त्या दिवसापासून वर्गात नियम झाला. वहीतलं काहीही वाचायचं असेल तर ज्याचं त्याला विचारायचं. नाही म्हणाला तर नाही. चैतालीची वही मात्र आठवडाभर कोरीच आली. मॅडमनी तिला टोकलं नाही. तिच्या बाकाशी जाऊन एकदा फक्त म्हणाल्या, “माझ्यावर रागावलीस ते बरोबर आहे. इंग्रजीवर रागावू नकोस.” पुढच्या सोमवारी वहीत एक वाक्य आलं. दुसऱ्या दिवशी दोन.

दिवाळीनंतर पानसे सरांनी मॅडमना बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर छापील कागदांचे गठ्ठे होते. पंचवीस प्रश्न, पंचवीस तयार उत्तरं, एक पत्र, एक निबंध. या गठ्ठ्याला शाळेत ‘पासिंग संच’ म्हणत.

“उद्यापासून ‘क’ला एवढंच. धडे बंद, ती तीन वाक्यं बंद. पाठांतर.”

“नाही जमायचं, सर.”

“मॅडम, गेल्या वर्षी ‘क’ इंग्रजीत आडवी झाली. पालक पोरं इंग्रजी माध्यमात घालतायत. पट घसरला तर तुकडी जाईल, तुकडी गेली तर तुमच्यातलाच एखादा अतिरिक्त ठरेल. मला कळत नाही असं समजू नका. पण ही मुलं इंग्रजी शिकणार नाहीयेत. त्यांना पास करायचंय.”

“शिकणार नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अनुभवानं.”

“अनुभव मलाही आहे. तो मी मुलांच्या डोक्यावर मारत नाही.”

पानसे सर वाईट माणूस नव्हते. मुलांच्या फीसाठी स्वतःच्या खिशात हात घालणारे होते. पण निकालाची त्यांना धास्ती होती, आणि धास्तावलेल्या माणसाला समोरच्याचं ऐकू येत नाही. त्यांनी गठ्ठा पुढं सरकवला. मॅडमनी तो होता तिथंच राहू दिला.

दोन दिवसांनी सर स्वतःच वर्गावर आले. बरोबर रोहन हा नवा शिक्षणसेवक, त्याच्या हातात ते संच. त्या वेळी चैतालीची बोलायची पाळी होती. वर्षभरात ती पहिल्यांदाच उभी राहिली होती. स्वारगेटला बसमध्ये एक कुत्रं चढलं आणि कंडक्टर त्याला हाकलायला गेला, इथवर ती आली होती, तेवढ्यात दार उघडलं. वर्ग उठून उभा राहिला, मग बसला. चैताली उभीच.

“बस,” सर म्हणाले.

ती बसली नाही. बाकाची कड तिनं घट्ट धरली होती. “सर, आय अ‍ॅम नॉट फिनिश.”

सरांच्या तोंडून सवयीनंच गेलं, “फिनिश्ड.”

“येस सर. फिनिश्ड. बट आय अ‍ॅम नॉट.”

राकेश फिस्सकन हसला, मग आख्खा वर्ग. मॅडम हसल्या नाहीत. त्या चैतालीकडे बघत होत्या. सर क्षणभर दारातच घोटाळले. मग “तास संपल्यावर भेटा, मॅडम,” म्हणाले आणि रोहनला घेऊन बाहेर पडले. चैतालीनं गोष्ट पुरी केली. कंडक्टरनं शेवटी घंटी मारली आणि कुत्रं मार्केट यार्डला उतरलं. ‘ही नो हिज स्टॉप,’ ती म्हणाली. त्या दिवशी ‘नो’ला ‘एस’ लावायला मॅडमनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला. दहावी ‘क’चं इंग्रजी रोहन घेईल, बागवान मॅडमनी पाचवीचे तास घ्यावेत. मॅडमनी खाली लिहिलं, ‘प्रत मिळाली. मान्य नाही.’ सही केली आणि पाचवीवर गेल्या. पाचवीला तरी का वाऱ्यावर सोडायचं?

शाळा दुपारची होती. मॅडमनी सरांना एकच विचारलं: शाळा भरायच्या आधी मुलं बसली तर चालेल का? “शाळेच्या आवारात नाही,” सर म्हणाले. “ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि फाटकाबाहेर पिंपळाच्या कट्ट्यावर वर्ग भरला. पुण्यात कट्ट्यावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या दिवशी थोडी आली, नंतर निम्म्याहून जास्त. भाजीवाली विमलाबाई पलीकडून बघायची. एकदा तिनं विचारलंच, “मॅडम, ही पोरं नापास झाली म्हणून बाहेर काढलीत का?”

“नाही हो. पास व्हायची म्हणून.”

रोहन आत संच पाठ करून घ्यायचा. त्याला नोकरी टिकवायची होती, आणि मॅडमनी त्याला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. बहुतेक मुलं दोन्ही करायची. वर्गात तयार उत्तरं, कट्ट्यावर आपली वाक्यं.

निकाल लागला. ‘क’चा निकाल गेल्या वर्षीपेक्षा बरा होता. पानसे सरांनी पालकसभेत संचाचं कौतुक केलं. कट्ट्याचं नाव कुणी काढलं नाही. मॅडम मागच्या रांगेत बसल्या होत्या, ऐकून घेतलं. चैताली पास झाली. मार्क फार नव्हते, पण न पाहिलेल्या उताऱ्यावरचे सगळे प्रश्न आपण स्वतःच्या मनानं सोडवले हे ती भेटेल त्याला सांगत होती. राकेश मात्र इंग्रजीतच राहिला.

तो मॅडमच्या घरी आला तो तापलेलाच. चप्पल न काढता दारात उभा राहिला.

“मॅडम, संच पाठ केला असता तर सुटलो असतो. सगळे सुटले. मी तुमचं ऐकलं, पाठ केलंच नाही.”

“सुटला असतास,” मॅडम म्हणाल्या. त्यांना ते जिवाला लागलं होतं आणि त्यांनी लपवलं नाही. “माझ्यामुळं एक संधी गेली तुझी. मी नाकारत नाही. जुलैची फेरपरीक्षा आहे. रोज ये. पाठही करू आणि समजूनही घेऊ. आधी चप्पल काढ, आत ये, चहा घे.”

राकेशनं चप्पल काढली. मग आत आला. इरफाननं त्याला खुर्ची दिली आणि चहा टाकला. महिनाभर तो रोज आला. कधी वडिलांच्या टँकरवरून उतरून, ओल्या पँटनं. जुलैत सुटला. त्यानं फोन केला तेव्हा मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “पत्रलेखनात काय आलं होतं?”

“तक्रारीचं होतं, मॅडम. पाणी येत नाही म्हणून. ते काय मला शिकवायला लागतं होय?”

नव्या वर्षातल्या शिक्षकांच्या एका बैठकीत पानसे सरांनी जाहीर केलं की निकाल बघता संच आता नववीलाही लावू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमनी हात वर केला.

“नववीच्या मुलांना अजून एक वर्ष आहे, सर. त्यांना आत्तापासून कशाला मारताय? संचाच्या ठरावाला माझा विरोध आहे. इतिवृत्तात तसं लिहा. आणि ‘क’चं इंग्रजी मला परत हवंय.”

“तुम्हाला पाचवी दिली आहे.”

“पाचवी चांगली चालली आहे. तीन वाक्यं लिहितात, न कुरकुरता. ती ठेवा, वर ‘क’ द्या.”

सरांनी कपाळाला हात लावला. “बागवान मॅडम, तुम्ही कधी ऐकणार?”

“रिटायर झाले की. दोन वर्षं आहेत अजून.”

कोपऱ्यात रोहननं मान खाली घालून हसू दाबलं. सरांनी ना हो म्हटलं, ना नाही. लेखनिक सीताराम इतिवृत्त लिहीत होता, त्यानं सरांकडे पाहिलं. सर काही बोलले नाहीत, म्हणून त्यानं विरोध नोंदवून घेतला. मॅडमनी खडूचे दोन तुकडे उचलले आणि पाचवीच्या तासाला उशीर होतोय म्हणून बैठक संपायच्या आतच उठल्या.