शेजारच्या खोलीतून आलेला फोन

मित्रहो, आज दुपारी मला फोन आला, तोही शेजारच्या खोलीतून. खराडीच्या कंपनीत नोकरी करणारा माझा पन्नाशीचा मुलगा आज घरूनच काम करत होता.

"अहो बाबा, माझी पाण्याची बाटली भरून देता का?"

"पाणी स्वयंपाकघरात मिळते. प्रत्यक्ष यावे."

तो उठला; परंतु सकाळपासून बसून पाय इतके आखडले होते, की दाराशीच त्याचा तोल गेला. ऐंशीचा मी त्याला सावरायला धावलो.

"बाबा, तुम्ही पडला असतात!"

"मग मला धावायला लावू नकोस. अधूनमधून उठत जा."

त्याची बाटली मी स्वयंपाकघरातच ठेवून घेतली, म्हणजे पाण्यासाठी त्याला उठावेच लागेल. संध्याकाळी तो पाणी प्यायला आला आणि जाताना माझ्यासाठीही पेला भरून ठेवून गेला.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या वाचकांनो, आपली बाटली कोठे असते?