प्रार्थनेपुरतं बाहेर

नवऱ्यानं दारू सोडली तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कुठलं सुटणं! मैलूरला एका शिकवणीच्या खोलीत दर रविवारी दारू सोडलेल्यांची बैठक भरते. तिथं जायला लागल्यापासून माणूस शुद्धीत घरी येत होता, चार घास जेवत होता, लेकीशी बोलत होता. पण बैठक संपताना सगळे हात धरून प्रार्थना म्हणतात, आणि तिची सुरुवातच 'हे देवा' अशी. हे सासऱ्यांच्या कानावर गेलं.

सासरे विहारात वंदना सांगतात. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव बाहेर गेले. "देवाला हात जोडायचे आसतील तर तितं जाऊ नगंस," ते लेकाला म्हणाले. झालं! नवरा घरी बसला. दिवस कलला की दारात येरझाऱ्या सुरू.

शेवटी बैठक चालवणाऱ्या अण्णांकडे मीच गेले. कपाळभर विभूती, आणि मला सांगतात, "अक्का, ह्ये धर्म न्हाई, अध्यात्म हाय. मनातला कुठलाबी देव धरा म्हनाव."

"आमच्या मनात देवच नाही, अण्णा."

"मग नसलेला धरा की!"

घरी येऊन सांगितलं, तर सासरे म्हणाले, "नाव बदललं म्हनून दगडाचा गूळ व्हतंय व्हय?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मामा, दीक्षेत देव न मानायची प्रतिज्ञा घेतली, तशी दारू न प्यायचीबी घेतली व्हती ना? गटारीत पडलेला आसतानाबी तुमच्या लेकानं देवाचं नाव घेतलं न्हाई. तेवढी एक पाळली बघा. तवा बरं व्हतं का?"

सासऱ्यांनी दारात येरझाऱ्या घालणाऱ्या लेकाकडं पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ दे त्याला. पन प्रार्थनेला भाईर थांबायचं." अण्णांनाही ते पटलं. दोघं अगदी खूश.

त्या रविवारी मी नवऱ्याला आणायला गेले. आत सगळे हातात हात घालून उभे, आणि हा एकटा बाहेर पायरीवर. समोर, रस्त्यापलीकडं, दारूचं दुकान. हा तिकडंच बघत होता. मला रडू आलं आणि संतापही. दोन्हीकडचा धर्म तेवढा शाबूत राहिला होता!

आता दर रविवारी मी जाते. आत प्रार्थना सुरू झाली की पायरीवर त्याचा हात धरते, आणि ती संपेपर्यंत सोडत नाही.