चांदीचे डोळे

तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की अंबाजोगाईच्या महाविद्यालयातील कलेतिहासाचा माझा वर्ग आठवतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी वेशीवरच्या एका शेंदरी देवापाशी नेले होते. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला शेंदूर वीतभर जाड झाला होता. “खरे शिल्प आत आहे, बाहेर दिसते ते केवळ आवरण,” असे मी बजावले. “म्हंजे देव स्वेटर घालून बसलाय बे!” मागे एकजण शेजाऱ्याला म्हणाला आणि सगळे हसले. एक मुलगी मात्र हसली नाही. ती त्या थराकडे निरखून पाहत होती. पुढच्या आठवड्यात तिने माझ्या टेबलावर रुमालाची पुरचुंडी सोडली. आत चांदीचे दोन डोळे होते. “सर, आमच्या शेतातल्या देवाला आई दर शनवारी शेंदूर लावती, त्यो म्या खरवडला. आत शिल्प न्हाईच, नुसता धोंडा हाय. तोंड कुठं व्हतं तेबी कळंना. आई इचारती, डोळे आता कुठं लावायचे?” “तो अनघड दगड आहे. कलेच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही,” असे म्हणून मी हजेरी घेऊ लागलो. तिने रुमालाला पुन्हा गाठ मारली आणि ती जागेवर जाऊन बसली. फार उशिरा मला कळले, की दर शनिवारी तिच्या आईने लावलेल्या शेंदरातूनच तो चेहरा घडला होता, आणि शिकवण्याजोगे तेवढेच होते. निवृत्त झाल्यावरही मी देवळांतील शिल्पे पाहायला जातो. जेथे शेंदूर असतो, तेथे देवाच्या डोळ्यांकडे पाहत नाही.